पेशंटसोबत कोण?

"पेशंटसोबत कोण आहे?"

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी पावणेनऊला, बोरिवलीतल्या एका रुग्णालयात सिस्टरांनी माझ्या बाबांना हा प्रश्न विचारला. बाबा म्हणाले, "मुलगी येतेय, मुलुंडहून निघालीय." त्यांची एंडोस्कोपी होती. आदल्या रात्री आठपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. गुंगीचं इंजेक्शन द्यायचं म्हणजे सोबत माणूस हवाच, त्याशिवाय टेबलावर घेत नाहीत. नियम योग्य आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही.

पण मी निघालेच नव्हते. मी मुलुंडच्या घरात, सात वर्षांच्या लेकाला मांडीवर घेऊन, त्याच्या तोंडावर नेब्युलायझरचा मास्क धरून बसले होते. पहाटे चारला त्याची छाती वाजायला लागली होती. नवरा सासूबाईंना घेऊन डायलिसिसला गेला होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी, चार तास मशीनवर. ती पाळी चुकवता येत नाही. आईचे गुडघे गेलेत, ती दोन जिने उतरून बाबांबरोबर जाऊ शकत नाही. नऊ वाजता मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, असू दे. पोराकडे बघ. मी घरी जाऊन पोहे खातो." सिस्टरांनी नऊ दिवसांनंतरची तारीख दिली.

त्या दिवशी कुणाचंही चुकलं नव्हतं. सिस्टर बरोबर होत्या, शाळेत न पाठवलेलं पोर बरोबर होतं, डायलिसिसचं वेळापत्रक बरोबर होतं. तरी सत्तरी ओलांडलेला एक माणूस बारा-तेरा तास उपाशी राहून तपासणीविना घरी परतला. या आठवड्याचं सदर मी त्यावर लिहिते आहे.

आपल्याकडची सगळी आरोग्यव्यवस्था सोबतच्या माणसाच्या जिवावर चालते. केसपेपर तो काढतो. ओपीडीच्या रांगेत नंबर तो लावतो. रक्त एका मजल्यावर, एक्स-रे दुसऱ्या इमारतीत, पैसे भरायची खिडकी तिसरीकडे, हे पाय त्याचे. व्हीलचेअर तो शोधतो, बऱ्याचदा ढकलतोही. औषध बाहेरून आणायचं तर चिठ्ठी त्याच्या हातात. रक्ताची बाटली लागली तर रक्तदाता तो उभा करतो. ऑपरेशनच्या कागदावर सही त्याची. वॉर्डातून "नातेवाईक कोण? पुढे या" अशी हाक आली की धावतो तो. मुंबई महापालिकेचं राजावाडी असो, कूपर असो नाहीतर पंचतारांकित खासगी रुग्णालय, या माणसाशिवाय कुठलंच पान हलत नाही. रुग्णालयाला तो हवा असतो, दर वेळी, वेळेवर, हातात फाइल घेऊन.

आणि त्याच माणसाची त्याच वेळी कचेरीत हजेरी लागायची असते.

२००७ साली आपल्या देशाने आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला. मुलांनी आई-वडिलांना सांभाळलंच पाहिजे, नाही सांभाळलं तर न्यायाधिकरण पोटगी लावेल. मला हा कायदा मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच की सांभाळायचं केव्हा? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. त्यात वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आहे, वीस दिवस काम केलं की एक दिवस भरपगारी रजा साठते. घरातल्या आजारी माणसाला दवाखान्यात नेण्यासाठी म्हणून वेगळी रजा नाही. एका कायद्याने कर्तव्य घातलं, दुसऱ्याने त्यासाठी एक सकाळसुद्धा दिली नाही.

आता गणित करू. मधुमेह, रक्तदाब असलेल्या माणसाला डॉक्टर साधारण तीन महिन्यांनी बोलावतात. वर्षाला चार खेपा. घरात अशी तीन म्हातारी माणसं असली की बारा. आठ दिवस तिथेच संपले. डोळ्यांची तपासणी अजून व्हायची आहे. त्यात बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, मग काही तास अंधुक दिसतं, एकट्याला रस्ता ओलांडता येत नाही. लेकाचा छातीचा डॉक्टर, त्याची लस, शाळेतून येणारा "ताप आहे, घेऊन जा" हा फोन अजून व्हायचा आहे. डायलिसिस तर मी धरलंच नाही, आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर. साखरेची साधी तपासणी घ्या. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग खायचं, मग बरोबर दोन तासांनी परत द्यायचं. त्या दोन तासांत सोबतचा माणूस बाकावर बसून असतो, अर्ध्या दिवसाची रजा पूर्ण दिवसाची होते.

मी अंधेरीला काम करते. मुलुंडहून धीम्या लोकलने घाटकोपर, घाटकोपरहून मेट्रोने चकाला. आई-बाबा बोरिवलीला. नकाशावर मुलुंड आणि बोरिवली समोरासमोर आहेत, मधे फक्त संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पण त्या जंगलाला वळसा घालूनच जावं लागतं, घोडबंदरवरून नाहीतर घाटकोपर-अंधेरी करत. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्याचं भूमिपूजन झालं. झटपट पोचण्याच्या गोष्टी तेव्हा खूप झाल्या. माझ्यासारख्या लेकीसुनांना ते बोगदे आपल्या माणसांपर्यंत पोचायला हवे आहेत. एका बाजूला सासर, दुसऱ्या बाजूला माहेर आणि दोन्हीकडे वय झालेली माणसं, अशी या शहरात असंख्य घरं आहेत. २०१४ साली घाटकोपरची मेट्रो सुरू झाली तेव्हा माझ्यासाठी बाबा तासाभराने जवळ आले होते. अंतर हे पेशंटचं नसतं, सोबतीच्या माणसाचं असतं. पेशंट एकदाच जातो. सोबतचा आधी पेशंटपर्यंत पोचतो, मग पेशंटला घेऊन निघतो, मग परत सोडतो, मग आपल्या घरी येतो.

म्हणून उपनगरातलं एखादं रुग्णालय बंद पडतं किंवा पुनर्बांधणीत अडकतं तेव्हा मला पहिला तोच माणूस दिसतो. १७ डिसेंबर २०१८ ला अंधेरीत मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली, माणसं गेली. बाकीच्या रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयांत हलवावं लागलं. आसपासच्या एमआयडीसीतल्या कामगारांचं, राज्य विम्याचं ते हक्काचं ठिकाण. बोरिवलीच्या भगवती रुग्णालयाची नवी इमारत, मुलुंडच्या अगरवाल रुग्णालयाची नवी इमारत, दोन्हींची लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. खाटा किती कमी झाल्या याचा हिशेब छापून येतो. मुलुंडच्या बाईला म्हाताऱ्या सासऱ्यांना घेऊन राजावाडी किंवा सायन गाठताना किती दिवसांचा रोज बुडाला, तो आकडा कुठल्याच अहवालात नसतो.

कामगार राज्य विमा योजनेबद्दल आदराने बोलायला हवं. तिचा मूळ कायदा १९४८ चा, कामगार थोडे भरतो, मालक जास्त भरतो, आणि कुटुंबाला उपचार मिळतात, अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही मिळतात. कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के पैसेही मिळतात. पण त्याचं पोर आजारी पडलं तर? पोराला औषध मिळेल. पोराजवळ बसणाऱ्या बापाला काहीच मिळणार नाही. आणि २०१७ मध्ये वेतनाची मर्यादा २१,००० रुपये झाली, त्याच्यावर पगार गेला की या योजनेचं दार नव्या माणसाला बंद.

खासगी कंपन्यांत दुसरी तऱ्हा आहे. बऱ्याच ठिकाणी सामूहिक विम्याचा अर्ज येतो तेव्हा एक रकाना असतो: आई-वडील किंवा सासू-सासरे. एकच जोडी निवडा. मी तो रकाना भरायला दोन दिवस घेतले. सासूबाईंचं मूत्रपिंडाचं दुखणं तोवर कळलेलं होतं, मी त्यांची जोडी निवडली. सासरे त्याच वर्षी गेले, एक जागा रिकामी राहिली, तिथे माझ्या बाबांचं नाव घालता येईल का असं विचारलं. नाही, जोडी बदलता येत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या स्त्रीलाही सीजीएचएस या आरोग्य योजनेत आई-वडील की सासू-सासरे हे एकदा ठरवावं लागतं. सामाजिक सुरक्षा संहितेने स्त्री कर्मचाऱ्याच्या कुटुंबाच्या व्याख्येत अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांना घेतलं, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. चांगलं झालं. आता निवडायला लावणारा तो 'किंवा' हा शब्द विम्याच्या अर्जांतून काढा, त्याजागी 'आणि' लिहा. हप्ता वाढवा, आम्ही भरू. पण कुठल्या आईला सोडायचं हे कागदावर लिहून मागू नका.

सत्तरीपुढच्या सगळ्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, अशी आयुष्मान भारत योजनेची वय वंदना कार्डं २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागली. राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच. आई-बाबांची कार्डं आम्ही काढून घेतली, तुम्हीही घ्या, आजच घ्या. हृदय बंद पडलं, खुबा मोडला तर ही कार्डं घर वाचवतील. मात्र हे सगळं खाटेवर पडल्यावर. रोजच्या गोळ्या, तीन महिन्यांची खेप, रक्ताचे रिपोर्ट यांना त्यात जागा नाही. माणूस खाटेवर जाऊ नये म्हणून जे करायचं ते सोबतीच्या माणसाने, त्याच्या वेळात, त्याच्या खिशातून.

ती रोजची गोष्ट कशी असते हे आमच्या फ्रिजच्या दारावर बघा. चार रकान्यांचा कागद चिकटवलाय. सासूबाईंना दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं. म्हणून सकाळी एक बाटली भरून ठेवतो, त्या कप चहा प्यायल्या की तेवढं पाणी बाटलीतून कमी करतो. मे महिन्यात संध्याकाळी पाचला बाटली संपते आणि त्या काही न बोलता तोंडात बर्फाचा छोटा खडा धरून बसतात. बटाटा चिरून भिजवायचा, उकळायचा, ते पाणी ओतून द्यायचं, पोटॅशियम कमी व्हायला. लेकाला केळं द्यायचं, पण त्यांच्यासमोर नाही, कारण केळी त्यांच्या फार आवडीची. बाबांच्या औषधांची पिशवी मी महिन्यातून एकदा बोरिवलीला भरून येते. एकदा एक स्ट्रिप अशी मिळाली की अर्धी कापलेली, औषधाचं नाव असलेला तुकडा दुकानातच राहिलेला. पांढरी गोळी. रक्तदाबाचीही पांढरी, पित्ताचीही पांढरी. बाबांनी आठ दिवस एकाऐवजी दुसरी घेतली होती. तेव्हापासून मी दुकानदाराला नावाचा भाग माझ्या तुकड्यावर राहील अशी स्ट्रिप माझ्यासमोर कापायला लावते.

त्या कागदावर माझ्या थायरॉइडच्या गोळीचा रकाना नाही. माझी तपासणी चौदा महिने राहिली आहे. कचेरीतल्या तिघींना विचारलं, तिघींचं असंच. घरातल्या सगळ्यांच्या तारखा पाठ असलेल्या बाईला स्वतःची तारीख आठवत नाही. तिघींनाही मी सांगितलं ते इथेही सांगते: तो रकाना आज आखा. मी आखलाय.

आणि हे काम बायकांचंच का? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. या स्त्रियांचा त्यात दिवसाला १४० मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ७४. आमच्या घरी डायलिसिसच्या तिन्ही पाळ्या नवरा सांभाळतो, त्यासाठी त्याने रात्रपाळी मागून घेतली. ती मागताना त्याला साहेबांनी विचारलं, "का, घरी बायको नाही का?" पुरुषाने आईजवळ बसायचं ठरवलं की त्याला अडवणारा हा प्रश्न आहे, आणि तो बाईलाही तितकाच अडवतो, कारण त्यात उत्तर आधीच ठरलेलं आहे. रजा फक्त बायकांना देऊन हे सुटणार नाही. केंद्र सरकारने आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी नोकरीभरात ७३० दिवस दिले, महाराष्ट्र सरकारने १८० दिले. ते हक्काचेच आहेत. पण खासगीतल्या बाईला २६ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेनंतर मूल आजारी पडेल हे कायदा धरतच नाही. ५० कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, असं बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने सांगितलं. तापलेलं पोर पाळणाघर घेत नाही, घेऊही नये. त्या दिवशी त्याने जायचं कुठे?

बाहेर याची उत्तरं शोधली गेली आहेत. जपानमध्ये घरातल्या आजारी माणसामागे ९३ दिवसांची देखभाल रजा आहे, ती तीन तुकड्यांत घेता येते, पगाराच्या ६७ टक्के रोजगार विम्यातून मिळतात. शिवाय दवाखान्याच्या खेपांसाठी वर्षाला पाच सुटे दिवस. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा दिला, बिनपगारी का होईना, पण पहिल्या दिवसापासूनचा हक्क म्हणून. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार, क्रमांक १५६, १९८१ चा आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही.

माझं मागणं मोठं नाही. वर्षाला दहा दिवस, सोबतीची रजा. तासांनी तोडून घेता येईल अशी, कारण दर वेळी पूर्ण दिवस लागत नाही. स्त्रीला, पुरुषाला, दोघांना. पुरावा म्हणून रुग्णालयाच्या कागदावर एक ओळ: पेशंटसोबत हजर होते. जिथे आधीच विचारतात "सोबत कोण आहे", तिथेच ते नाव लिहायचं.

दुसरं मागणं महापालिकेला, आणि ते होण्यासारखं आहे हे तिनेच दाखवलंय. फॅमिली डॉक्टर या शहरात पिढ्यान् पिढ्या संध्याकाळी बसत आले, कारण मुंबईचा माणूस संध्याकाळी घरी येतो हे त्यांना ठाऊक होतं. पालिकेच्या रुग्णालयांची ओपीडी मात्र मुख्यतः सकाळची. २०२२ मध्ये 'आपला दवाखाना' सुरू झाला, तिथे रात्री दहापर्यंत डॉक्टर भेटू लागला, आणि आमच्या भागात कामावरून सुटलेली माणसं डबा-पिशवीसकट तिथे रांगेत दिसू लागली. तेच पुढे न्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी राजावाडीत, कूपरला, कांदिवलीच्या शताब्दीत मधुमेहाची आणि रक्तदाबाची खेप होऊ द्या. रविवारी सकाळी डोळे तपासा.

एक राहिलंच. आमच्याकडे दुपारी सासूबाईंजवळ बसायला कळव्याहून एक मावशी येतात. लेकाला बरं नव्हतं त्याच आठवड्यात त्यांच्या नातवालाही ताप होता. त्या आल्या, कारण खाडा झाला की पैसे जातात असं त्यांना आजवरच्या सगळ्या घरांनी शिकवलंय. माझ्या सासूबाईंजवळ बसायला म्हणून कुणीतरी आपल्या नातवाजवळून उठून येतं, ही गोष्ट मला झोपू देत नाही. त्यांच्यासाठी रजेचा कुठलाच कायदा अजून दारापर्यंत पोचलेला नाही. आम्ही त्यांना दहा दिवस सोबतीच्या रजेचे भरपगारी दिलेत, कॅलेंडरवर लिहून. कायदा येईल तेव्हा येईल, आपल्या दाराच्या आतला मालक आपणच आहोत.

नऊ दिवसांनंतरच्या गुरुवारी मी पहाटे साडेपाचची गाडी पकडली. लेकाला शेजारच्या काकूंनी शाळेत सोडलं. सव्वाआठला मी बोरिवलीला बाबांच्या शेजारी बसले होते. सिस्टरांनी विचारलं, मी नाव सांगितलं, सही केली. पाऊण तासाने त्यांना बाहेर आणलं. पोटात जुना अल्सर निघाला, गोळ्यांनी भरून येईल. गुंगी पुरती उतरली नव्हती, ओठ सुकले होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्या मनगटावरचं घड्याळ धरून वाचायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, मग मलाच विचारलं,

"तुला किती वाजता पोचायचंय गं?"